पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

नवा संगणक जोडून झालेला असतो. कॅबिनेटचे झाकण बाजूला टेकवून ठेवलेले, उरलेले स्क्रू एका वाटीत. बटण दाबले की हिरवा दिवा लागतो, प्रोसेसरवरचा पंखा गरगर फिरू लागतो, हार्डडिस्क घुमते. मॉनिटर मात्र काळाठिक्कर. 'नो सिग्नल'ची पाटी क्षणभर दिसते, मग मॉनिटरचा दिवा पिवळा होतो आणि तोही झोपी जातो. संगणक जोडणारे या अवस्थेला एकाच नावाने ओळखतात : डिस्प्ले येत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला याच जातीचे दुसरे वाक्य फार आधीपासून ठाऊक आहे : मोटार फिरते, पण पाणी उचलत नाही. दोन्हीकडे वीज पोचलेली असते, चाक फिरत असते आणि काम होत नसते. दोन्हीकडे दुरुस्त करणाऱ्याचा पहिला प्रश्नही सारखाच असतो, नेमके कुठपर्यंत पोचले आणि कुठे अडले?

पाटोदा हे बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या रांगेतले तालुक्याचे गाव. मांजरा नदी याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, आणि जामखेडच्या वाटेवर सौताड्याला विंचरणा खोल दरीत उडी घेते. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. गावाला रेल्वे नाही. एका अंगाला मांजरसुंब्यावरून बीड, दुसऱ्या अंगाला जामखेडवरून नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. संगणकाचा एखादा सुटा भाग हवा असला तर या दोनांपैकी एक वाट धरायची, नाहीतर एसटीच्या पार्सलची वाट पाहायची. अशा गावात संगणक आला, टिकला आणि कार्यालयापासून दुकानापर्यंत सगळीकडे रुजला, तो काळी स्क्रीन उजळवण्याची विद्या इथवर पोचली म्हणून. ही विद्या कुठून निघाली आणि कोणकोणत्या गल्ल्यांतून आली, हे पाहण्याजोगे आहे.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ ला होते. त्या दिवशी आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या आत रिकाम्या खाचा होत्या, त्यांत कोणाचेही कार्ड बसवता येत होते. आणि यंत्र कसे चालते याचे तांत्रिक पुस्तक कंपनीनेच छापले होते. प्रोसेसर इंटेलचा, सुटे भाग बहुतेक बाजारात मिळणारे. आयबीएमचे स्वतःचे असे मुख्यतः एकच होते, बायोस नावाची छोटी आज्ञावली. कॉम्पॅक कंपनीने नक्कल न करता तिच्यासारखीच वागणारी बायोस लिहून घेतली, आणि १९८४ पासून फिनिक्स कंपनी तशी बायोस कोणालाही विकू लागली. मग तैवानच्या कारखान्यांना मोकळे रान मिळाले. मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, कार्ड तिसऱ्याचे, डबा चौथ्याचा, अशी जुळणी करून संगणक बनवता येऊ लागला. ज्याला आपल्याकडे 'असेंबल पीसी' म्हणतात त्याचा जन्म हा असा झाला.

वेगवेगळ्या घरांतून आलेले भाग एकत्र नांदतीलच याची हमी कोण देणार? म्हणून यंत्र सुरू होताच बायोस आधी स्वतःची तपासणी करते. प्रोसेसर बोलतो का, रॅम लिहिलेले परत देते का, चित्र दाखवणारे कार्ड जागेवर आहे का, हे ती क्रमाने पाहते. इथे एक पेच आहे. चित्राचे कार्ड तपासून होईपर्यंत स्क्रीनवर काही लिहिता येत नाही. त्याआधी काही बिघडले तर ते सांगायचे कसे? आयबीएमच्या अभियंत्यांनी त्यासाठी एक लहानसा स्पीकर वापरला. एक आखूड बीप म्हणजे सगळे ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राच्या कार्डात दोष. पुढे अ‍ॅवॉर्डच्या बायोसमध्ये थांबत थांबत येत राहणारी बीप रॅमकडे बोट दाखवू लागली; एएमआयच्या बायोसमध्ये आठ आखूड बीपांचा अर्थ चित्राची मेमरी असा झाला. आणि एकही बीप नाही, हीसुद्धा एक खबर होती : प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी जागे झालेच नाही.

म्हणजे डिस्प्ले न येणाऱ्या संगणकाचे निदान डोळ्यांनी नव्हे, कानांनी करायचे होते. ज्यांना इंग्रजी पुस्तक वाचणे जड जाई अशा शेकडो मुलांना या धंद्यात पाय रोवता आला, त्याचे एक कारण या बीपांत आहे. त्या ऐकायला आणि मोजायला भाषा लागत नव्हती.

भारतात या सुट्या भागांना वाट मिळाली ती १९८४ च्या संगणक धोरणाने. १९९१ च्या उदारीकरणाने ती रुंद झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि संगणकाच्या भागांवरचे आयातशुल्क पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत गेले. महाराष्ट्रात हा माल उतरे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण धंद्यातला माणूस अजूनही 'लॅमिंग्टन'च म्हणतो. रेडिओचे भाग विकणाऱ्या या रस्त्याने संगणकही त्याच पद्धतीने विकला : भाग निवडा, जोडून घ्या, चालवून बघा, घेऊन जा. पुणे, नगर, औरंगाबादचे दुकानदार इथून माल नेत, आणि त्यांच्याकडून तो जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी जाई.

त्या काळची जोडणी भीतीदायक होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, मदरबोर्डकडे दोन सारखीच जोडपिने येत, पी-८ आणि पी-९. ती अदलाबदल होऊनही बसत, आणि तशी बसली की बोर्ड जळे. म्हणून शिकाऊ पोराला पहिला धडा मिळे तो 'काळ्याशेजारी काळी'चा : दोन्ही जोडपिनांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. एसएमपीएसच्या पाठीवर एक लाल खटकाही असे, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३०. परदेशातून आलेली पेटी ११५ वरच राहिली असेल आणि ते न पाहता प्लग लावला, तर धडाम् असा आवाज, धूर आणि सगळे संपले. प्रोसेसरचा वेग ठरवायला मदरबोर्डवर बारीक जंपर असत. एक जंपर चुकला की पंखा फिरे आणि स्क्रीन काळी राही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मापे ठरवली तेव्हा दोनाऐवजी उलटे न बसणारे एकच मोठे जोडपिन आले आणि कितीतरी बोर्ड वाचले.

या दुरुस्तीच्या टेबलावरून मराठी माणूस किती दूर जाऊ शकतो याचे एक उदाहरण पुण्यातले. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातले कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. नंतर त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि संगणकही हाताळू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडत. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. १९९३ ला कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील हे अँटीव्हायरस, २००७ ला कंपनीचे तेच नाव आणि २०१६ ला शेअर बाजारात नोंदणी. ही सगळी वाटचाल दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेली आहे, आणि म्हणूनच ती या इतिहासात मोडते.

व्हायरस आणि काळी स्क्रीन यांची थेट गाठ पडली ती २६ एप्रिल १९९९ ला. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जगभर फुटला. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच, म्हणून लोकांनी त्याला चेर्नोबिल म्हटले. तो हार्डडिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी आणि काही मदरबोर्डांवर बायोसच्या चिपमध्येही कचरा लिही. तपासणी करणारी आज्ञावलीच पुसली गेली, तर बीप कोण देणार? कालपर्यंत धड असलेला संगणक सकाळी पंखा फिरवत मुकाट बसे. आशियातल्या देशांना याचा मोठा फटका बसला. नवी चिप मिळत नव्हती तेव्हा धीट कारागिरांनी काढलेला उपाय ऐकून आजही अंगावर काटा येतो. तशाच बनावटीचा चांगला संगणक सुरू करायचा, तो चालू असतानाच त्याची बायोस चिप हलकेच उपसून घ्यायची, तिच्या जागी मेलेली चिप बसवायची, आणि चालू यंत्राकडूनच तिच्यात नवी बायोस लिहून घ्यायची. सुरू झालेला संगणक पुढे चिपकडे फारसे पाहत नाही, हे ज्याला आतून कळले होते त्यालाच हे सुचले असणार.

पाटोद्यासारख्या गावांत संगणक घाऊक संख्येने पोचला तो यानंतर. ऑगस्ट २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात गेला. सरकारी नोकरीच्या अर्हतेत तो आला आणि गावोगाव केंद्रे उघडली. बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यात किंवा माडीवर ओळीने संगणक मांडलेले, बाहेर चपलांचा ढीग, आत एका यंत्राला दोघे-दोघे विद्यार्थी. बहुतेक यंत्रे असेंबलच, कारण ब्रँडेड परवडत नव्हती. तहसील, सेतू केंद्र, सातबारा संगणकावर चढवण्याचे काम, झेरॉक्सची दुकाने, फोटो स्टुडिओ हे सगळे याच दशकात संगणकाला लागले.

एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी एक गोष्ट साधली, तिची दखल फारशी घेतली गेलेली नाही. डिस्प्ले न येणाऱ्या संगणकाचा दोष शोधायला सगळ्यांत जास्त गरज असते ती खात्रीच्या चांगल्या भागाची. रॅम खराब आहे असे वाटले तर चालू असलेली दुसरी रॅम लावून बघावी लागते. शंका एसएमपीएसवर असली तर दुसरा एसएमपीएस. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात असे भाग हाताशी असतात. पाटोद्यात कुठून आणणार? पण ज्या खोलीत एकाच खेपेत आलेले दहा-बारा सारखे संगणक आहेत, तिथे शेजारचे यंत्र हेच सुट्या भागांचे दुकान. याची रॅम त्याला, त्याचे कार्ड याला, असे करत करत केंद्र सांभाळणारी मुले हार्डवेअर शिकली. दोष भागाबरोबर चालत गेला तर भाग खराब, दोष जागच्या जागी राहिला तर खाच किंवा बोर्ड खराब. ही उलटतपासणी त्यांना कोणी फळ्यावर शिकवली नव्हती. बीडला हेलपाटा घालायला लागू नये म्हणून ती आपसूक आली.

त्यात मराठवाड्याच्या हवेची आणि विजेची भर. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन सोसले. दिवसाचे कितीएक तास वीज नसे, आणि येई तेव्हा कधी दिवा मिणमिणण्याइतकी कमी, कधी बल्ब उडवण्याइतकी जास्त. भिंतीतल्या तीन भोकांच्या पाटीत तिसरे भोक बरेचदा रिकामे, म्हणजे अर्थिंग नाहीच. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. हात लावला की झिणझिण्या येतात. अशा यंत्राला मॉनिटरची केबल चालू स्थितीत लावली तर चित्राचे कार्ड दगावू शकते. त्यामुळे 'डिस्प्ले गेला' अशा तक्रारीवर जाणता कारागीर आधी टेस्टर काढतो आणि भिंतीतली पाटी तपासतो, संगणकाला नंतर हात लावतो.

धूळ हा दुसरा त्रास. उन्हाळ्यात पठारावरची बारीक माती खिडक्यांच्या फटींतून आत येते आणि पंखा तिला ओढून घेतो. रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात आणि खाचेतल्या बारीक पिना यांच्यामध्ये तिचा आणि गंजाचा पातळ थर बसला की स्पर्श सुटतो. त्यावरचा उपाय साऱ्या भारतात एकच, शाळेतला खोडरबर. रॅम काढायची, दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कण झटकायचे आणि दोन्ही बाजूंचा 'टक्' असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबायची. नव्या जोडणीतही बरेचदा दोष इथेच सापडतो. नवशिक्याचा हात बोर्ड मोडेल या भीतीने आखडतो आणि पट्टी एका टोकाला अर्धवट राहते.

याच सुमारास जगभर मदरबोर्डांवरचे कपॅसिटर सदोष रसायनामुळे फुगू लागले. साधारण १९९९ ते २००७ पर्यंत ही साथ चालली. सपाट टोपीचा छोटा दंडगोल फुगून घुमट होई, कधी तपकिरी रस गाळी, आणि प्रोसेसरला मिळणारी वीज अस्थिर झाली की स्क्रीन काळी. कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. दर दहा अंशांना साधारण निम्मे, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. चाळिशी ओलांडणाऱ्या बीडच्या उन्हाळ्यात, बंद गाळ्यात काय होत असेल ते सांगायला नको. पण इथे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांची विद्या कामी आली. त्यांना कपॅसिटर माहीत होता, सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हातात बसलेले होते. फेकायला निघालेले बोर्ड थोडक्या पैशांच्या कपॅसिटरवर पुन्हा उभे राहिले. संगणक दुरुस्ती हा नवा धंदा जुन्या धंद्याच्या खांद्यावर बसून गावात आला, तो असा.

मग कारागिराच्या पेटीत एक छोटे कार्डही आले. बायोस तपासणी करताना प्रत्येक टप्प्याला एक आकडा एका ठरलेल्या पत्त्यावर, ८० क्रमांकाच्या पोर्टवर, टाकत जाते. १९८४ च्या आयबीएम एटीपासूनची ही पद्धत. खाचेत बसवायचे डीबग कार्ड तो आकडा दोन लाल अंकांत दाखवते. अंक जिथे थांबला तिथे यंत्र अडले. अ‍ॅवॉर्डच्या बोर्डावर 'सी १' वर थांबले की रॅमकडे वळायचे. काहीच न बदलता शून्य-शून्य किंवा 'एफएफ' राहिले तर प्रोसेसर हललेलाच नाही, किंवा बोर्ड मेला. ज्या यंत्राने स्पीकरही गमावला आहे ते या दोन अंकांतून बोलते.

तरीही कार्डापेक्षा जुनी आणि खात्रीची रीत आहे ती उतरवण्याची. डिस्प्ले येत नसेल तर मदरबोर्ड डब्यातून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवतात. हार्डडिस्क, जादा कार्डे, यूएसबी सगळे सोडवून फक्त प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि वीज एवढ्यावर चालवून बघतात. बाहेर चालला आणि आत चालत नाही, तर दोष डब्यात. बोर्डाखालचे पितळी खुंट मोजायचे. भोक नसलेल्या जागी एक खुंट जादा राहिला असेल तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. पाटोदा तालुक्यातल्या अंमळनेरचे नाव 'भांड्याचे अंमळनेर' असे भांड्यांसकट घेतात. भांड्यांवरून गावाची ओळख सांगणाऱ्या मुलखात बोटभरही नसलेला पितळी खुंट एखाद्या दुकानाचा दिवस खाऊ शकतो.

पेंटियम फोरच्या काळात आणखी एक सापळा आला. प्रोसेसरसाठी चार तारांचे वेगळे छोटे जोडपिन निघाले, पुढे ते आठ तारांचे झाले. ते बोर्डाच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड असते. ते लावायचे राहिले तरी दिवे लागतात, पंखे फिरतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो. आजही नव्या जोडणीत हा विसर नेहमीचा. त्याच्या मागोमाग येते ती केबलची चूक : ग्राफिक कार्ड बसवलेले आणि मॉनिटरची केबल मात्र मदरबोर्डच्या तोंडाला. गेल्या काही वर्षांत तर ते तोंड आंधळेही असू शकते. २०१९ पासून इंटेलने नावापुढे 'एफ' असलेले, चित्राचा भागच नसलेले प्रोसेसर आणले. वेगळे कार्ड घेतले नसेल तर भाग सगळे नवेकोरे, जोडणी बिनचूक, तरी स्क्रीन काळीच. ऑनलाइन स्वस्तात मागवलेला 'एफ'चा प्रोसेसर हातात धरून आलेल्या मुलाला हे सांगणे दुकानदाराला फार जिवावर येते. बोर्ड जुन्या बायोसचा आणि प्रोसेसर नव्या पिढीचा असेल तरी हेच घडते. तिथे एखादा जुना प्रोसेसर उसना आणून आधी बायोस नवी करावी लागते.

आता डब्यात स्पीकर येत नाही. त्याऐवजी अनेक बोर्डांवर चार इवले दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, चित्र आणि बूट यांचे. तपासणी जिथे अडते तो दिवा लागून राहतो. बीप मोजणाऱ्या पिढीला हे दिवे वाचायला वेळ लागला नाही. तिला जड गेले ते वेगळेच. डिस्प्ले आला नाही की लगेच वीज तोडायची, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. शॉर्ट असेल तर भाग जळू नयेत म्हणून लावून घेतलेली. डीडीआर-५ रॅमच्या नव्या बोर्डांवर, विशेषतः २०२२ ला आलेल्या, एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम-५ बोर्डांवर, हीच सवय आड येते. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी आपला ताल जुळवून घेतो आणि त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पंखा फिरतो, रॅमचा दिवा जळत राहतो आणि स्क्रीन काळी असते. मधेच बटण दाबले की सगळे पहिल्यापासून. म्हणून मुरलेले कारागीर आता नव्या मुलाला सांगतात, खुर्ची ओढून बस, इन्व्हर्टर चालू आहे ना ते बघ, आणि दहा मिनिटे यंत्राला हात लावू नकोस. झाकण बाजूला टेकवलेलेच असते, स्क्रू वाटीत असतात आणि दोघे मिळून काळ्या मॉनिटरकडे पाहत बसतात.